आडवी रेघ

एप्रिलात बेटाभोवतीचा बर्फ सैल झाला
तसा यूलो राउडसिक आपली होडी मागायला आला.
हिवाळाभर ती बंदराच्या शेडमध्ये पालथी,
खाली दोन लाकडी घोडे, वर ताडपत्री.
जागा एक-बारा. एकवीस वर्षं तीच.

खिडकीतल्या मुलीने आकडे टाकले.
पडदा म्हणाला: अशी नोंद नाही.
"मान बाहेर काढ," यूलो म्हणाला, "ती बघ, निळी."
तिने पाहिलं. होडी होती.
पडद्यावर पाहिलं. नव्हती.
नोकरीला लागून तीनच आठवडे झालेले;
तिने पडद्यावर विश्वास ठेवला
आणि नवी नोंद केली: एक-बारा.

एका जागेची दुसरी नोंद घ्यायची नाही,
असा यंत्राला सक्त नियम होता.
पण दुसरीला अडवायला
आधी पहिली सापडावी लागते.

शनिवारी रात्री तार्तूत आम्हीच
सर्व्हरची खालची प्रणाली बदलली होती.
जोतं बदललं, घराला धक्का नाही,
असं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं.
लेलोने ती वही वाचली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

कोण आधी, कोण नंतर,
हे डेटाबेस स्वतः ठरवत नाही.
तो खालच्याला विचारतो, मिळालेल्या उत्तरांची
एक सूची बांधतो, आणि जन्मभर तिच्यावर विसंबतो.
खालचा मत बदलतो. सूचीला कुणी कळवत नाही.

जुना नियम आडवी रेघ मोजतच नसे.
एक-बारा म्हणजे जणू एकशे बारा,
म्हणून ती बसलेली अकरा-एक आणि अकरा-तीन यांच्या मध्ये,
खेटून, बिनतक्रार.
नवा म्हणतो: रेघ हेही अक्षरच, आकड्यांच्या आधीचं.
आता शोध निघतो, अकरा-एकपाशी थबकतो,
"एक-बारा? ती तर मागे राहिली,"
आणि डावीकडे वळतो.
होडी उजवीकडे. एका पावलावर.

मला शाळेत क्ष शेवटी शिकवला होता, ळच्याही पुढे.
मग एका कोशाची शेवटची पानं चाळचाळून थकलो;
तो क च्या पोटात, 'क्वचित'च्या जरा पुढे
निवांत बसलेला.
लेलोला हे सांगितलं. ती म्हणाली,
"आमच्यात झेड टीच्या आधी येतो.
बाहेरचे लोक शेवटी शोधतात,
आणि आमच्याकडे तो नाहीच असं समजून जातात."
मग कॉफी ओतली. थंड होती.

सूची पुन्हा बांधायला घेतली
तर यंत्र अडून बसलं: आधी जुळी निस्तरा.
सतरा जागा, चौतीस नोंदी.
जुनीत एकवीस वर्षांच्या पावत्या,
नवीत आज सकाळचे पैसे आणि चुकलेला फोन नंबर.
खरी कुठली, हे कुठल्याच नियमात नव्हतं.
लेलोने एकेक जोडी समोर ठेवली,
नवीतलं जुनीत उतरवलं,
आणि प्रत्येक वेळी पुसण्याआधी
ओठांतल्या ओठांत नाव वाचलं.

पहाटे चारला आज्ञा दिली.
पंखे जरा जोरात फिरले, एवढंच.
मी टाकलं: एक-बारा.
आलं. इतकं पटकन आलं
की हायसं वाटण्याऐवजी राग आला.

मग बाकीच्या सूच्या तपासत बसलो,
गावांच्या, आडनावांच्या,
जिथे अजून कुणी काही शोधलंच नव्हतं
म्हणून काहीच हरवलं नव्हतं.

नऊला लेलोने यूलोला फोन लावला:
पैसे दोनदा घेतले गेलेत, अठरा युरो परत येतील.
मागे इंजिन धडधडत होतं, वारा होता.
"राहू द्या," तो ओरडला, "पुढच्या हिवाळ्याचे धरा.
फक्त लिहाल तिथे लिहा की सापडेल."